बेडकाच्या पोटातलं खाचर

बारावीला किंवा बी.एस्सी.ला ज्यांनी बेडूक फाडला आहे, त्यांना हे दृश्य आठवत असेल. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाचलेला बेडूक, उघडलेलं पोट, आणि सांगितलेल्या रक्तवाहिन्या शोधता शोधता मध्येच कुठेतरी दिसणारी हालचाल. फुप्फुसाच्या पातळ पडद्याआड काहीतरी गडद, लालसर वळवळतंय. आतड्याचा शेवटचा भाग कापला की पांढुरके, केसासारखे दोरे. "ते जंत आहेत, ते सोडा, तुम्ही शिरा दाखवा," एवढ्यावर विषय संपायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. बेडकांसाठी हे उत्तम झालं. पण विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे कृमी पाहिले आणि चिमट्याने बाजूला सारले, याची हळहळ वाटते. बेडूक कुठल्या पाण्यात वाढला, कुठल्या मातीत बसला, काय काय गिळलं, याची सगळी नोंद त्या वळवळणाऱ्या गोष्टींत होती.

ती नोंद कशी वाचायची, हे पाहायला कर्जत आणि खालापूर हे तालुके फार सोयीचे आहेत. समुद्रापासून आत, घाटाच्या पायथ्याशी टेकलेला हा रायगडचा भाग. राजमाचीच्या दरीतून उतरलेली उल्हास नदी कर्जत, नेरळ करत बदलापूर-कल्याणकडे जाते. खोपोलीहून पाताळगंगा पश्चिमेला वळते. एका अंगाला माथेरान, दुसऱ्या अंगाला भीमाशंकरचा कडा, मध्ये भाताची खाचरं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने जमीन तडकते. बेडूक, गोगलगाय, चतुर आणि कृमी, सगळ्यांचं वेळापत्रक या चार महिन्यांभोवती बांधलेलं असतं.

आधी यजमानांची ओळख करून घेऊ. पहिल्या मोठ्या पावसानंतर खाचरात उतरून रात्रभर ओरडणारा पिवळाधम्मक नर म्हणजे बुलफ्रॉग, हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस, जुन्या पाठ्यपुस्तकांतला राना टायग्रिना. प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये बहुतेकदा हाच असायचा. तोंडात मावेल ते खातो: खेकड्याचं पिल्लू, उंदराचं पिल्लू, दुसरा बेडूक. पाण्यावरून टप्पे घेत पळणारा करडा बेडूक, युफ्लिक्टिस, वर्षभर पाणी सोडत नाही. बांधावरच्या गवतात टुणटुणणारे लहान मिनर्व्हरिया. घराच्या ओट्याखाली, दिव्याखाली किडे टिपत बसणारा खरबरीत कातडीचा भेक, डुटाफ्रायनस; हा अंडी घालण्यापुरताच पाण्यात जातो. न्हाणीघरात भिंतीला चिकटलेला तपकिरी झाडबेडूक, पॉलिपेडेटस. हा पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो. शिवाय जमिनीखाली राहणारी, पाय नसलेली देवगांडुळं. त्यांतल्या इंडोटिफ्लस या प्रजातीची पहिली ओळख एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये करून दिली ती खंडाळ्याच्या नमुन्यावरून, म्हणजे खालापूरच्या अगदी डोक्यावरून.

या सगळ्यांच्या आत राहणारे कृमी ढोबळमानाने चार-पाच घराण्यांत मोडतात. पानासारखे चपटे पर्णकृमी, म्हणजे लिव्हर फ्लूकचे भाऊबंद. लांब, तुकड्यातुकड्यांचे पट्टकृमी, ज्यांना आपण टेपवर्म म्हणतो. दोऱ्यासारखे गोलकृमी. तोंडाच्या जागी काट्यांची सोंड असलेले काटेशीर्ष कृमी. यांना आतडं नसतंच, अन्न थेट कातडीतून शोषतात. आणि चपट्या कृमींचीच एक निराळी शाखा, मागच्या टोकाला चूषकांची चकती असलेले एकयजमानी कृमी. अवघं आयुष्य एकाच प्रकारच्या यजमानावर काढतात म्हणून हे नाव. (गुदाशयात लाखोंनी पोहणारे ओपॅलिना अनेकांना आठवतील, ते एकपेशीय आहेत, कृमी नव्हेत, म्हणून इथे नाहीत.)

बेडकाच्या शरीरात यांची जागा ठरलेली असते. फुप्फुसात राहणारा गुदाशयात राहत नाही. फुप्फुसात हिमॅटोलीकस हा पर्णकृमी आणि रॅब्डिआस हा गोलकृमी. लहान आतड्यात गॅनिओ, ट्रेमिऑर्किस, प्ल्युरोजेनॉइडिस हे पर्णकृमी, शिवाय पट्टकृमी आणि काटेशीर्ष. गुदाशयात मोठ्या चूषकाने घट्ट धरून बसलेला डिप्लोडिस्कस आणि भोवती कॉस्मोसर्का जातीचे बारीक गोलकृमी. मूत्राशयात एकयजमानी. जठराच्या भिंतीवर, आंत्रपटलावर, मांडीच्या स्नायूत पांढऱ्या टिंबांसारख्या गाठी. त्यांत बेडकाचे नव्हे, तर बेडकाला खाणाऱ्या कुणाचे तरी कृमी झोपलेले असतात. जागा, अन्न आणि प्राणवायू यांची अशी वाटणी असल्यामुळे एकाच बुलफ्रॉगच्या पोटात सहा-सात जातींचे कृमी गुण्यागोविंदाने नांदू शकतात. बेडूक वरून धडधाकट दिसतो आणि बहुतेक वेळा असतोही.

आता खरा प्रश्न: हे आत शिरतात कसे? इथे मला फुप्फुसातला हिमॅटोलीकस सर्वांत आवडतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

हा कृमी फुप्फुसातलं रक्त पितो. बाहेरून तो गडद दिसतो तो त्यामुळेच. त्याची अंडी श्वासनलिकेतून वर येतात, बेडूक ती गिळतो आणि विष्ठेबरोबर ती खाचरातल्या पाण्यात पडतात. पुढे काहीही होत नाही, जोवर एखादी पाणगोगलगाय ते अंडं खात नाही. गोगलगायीच्या आत अंडं फुटतं आणि तिथे एक विलक्षण गोष्ट घडते: अळी नर-मादीशिवाय स्वतःच्या प्रती काढत सुटते. एका अंड्यातून शेकडो, हजारो शेपटीवाल्या अळ्या तयार होतात. त्यांना सर्केरिया म्हणतात. उघड्या डोळ्यांना जेमतेम धुळीच्या कणांएवढ्या दिसणाऱ्या या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडतात आणि पोहू लागतात. त्यांच्याजवळ काही तासांचाच वेळ असतो.

त्याच पाण्यात तळाशी चतुराची अळी बसलेली असते. पंख फुटण्याआधी चतुराचं बरंचसं आयुष्य पाण्यात जातं, आणि तिथे तो श्वास घेतो मागच्या बाजूने: गुदद्वारातून पाणी आत ओढायचं, आतल्या कल्ल्यांवरून फिरवायचं, बाहेर फेकायचं. सर्केरियाला शोधाशोध करावीच लागत नाही. पाण्याच्या ओढीबरोबर ती आत खेचली जाते, शेपूट टाकते, कल्ल्यांच्या ऊतींत शिरते आणि स्वतःभोवती कोष करून बसते. काही आठवड्यांनी चतुर पाण्याबाहेर चढतो, कात टाकतो, उडू लागतो. कोष त्याच्याबरोबर उडतो. एका संध्याकाळी बांधावर टेकलेल्या चतुराला बेडकाची जीभ लागते. जठरात कोष विरघळतो. आतला कृमी, ज्याने खाली आतड्याकडे जावं असं कुणालाही वाटेल, तो वर निघतो: अन्ननलिकेतून घशापर्यंत, तिथून श्वासाच्या फटीतून फुप्फुसात.

गोगलगाय, चतुर, बेडूक. तीन प्राणी, तीन वेळा दुसऱ्याच्या आत शिरायचं, तेही योग्य क्रमाने. यातली एक पायरी चुकली की संपलं. म्हणूनच हे कृमी अंडी घालतात ती हजारोंनी. बहुतेक सगळी वायाच जायची असतात. या साखळीचा दुसरा अर्थ असा की, कर्जतजवळच्या एखाद्या बेडकाच्या फुप्फुसात हिमॅटोलीकस सापडला, तर त्या एका कृमीवरून चार गोष्टी कळतात. इथे पाणी बरेच आठवडे साचून राहिलं. त्यात योग्य जातीची गोगलगाय होती. चतुरांची अळी वाढून पंख फुटेपर्यंत जगली. आणि या बेडकाने चतुर खाल्ला. शेताची पाहणी करायला कुणी महिनाभर वही घेऊन बसला असता, तरी त्याला शेवटची गोष्ट बहुधा दिसली नसती.

भारतात या कृमींची नावनिशी बरीच जुनी आहे. बुलफ्रॉगच्या आतड्यातले ट्रेमिऑर्किस रॅनॅरम आणि गॅनिओ टायग्रिनस हे मेहरा आणि नेगी यांनी अनुक्रमे १९२६ आणि १९२८ मध्ये वर्णिले. नाव देणं एक, आणि जीवनचक्र उलगडणं दुसरं. दुसरं फार चिकाटीचं काम आहे. केरळात पालक्काड जिल्ह्यात मलमपुझाच्या कालव्यांत आणि भातखाचरांत ब्रिनेश आणि जनार्दनन यांनी ते केलं. बुलफ्रॉग आणि युफ्लिक्टिस या दोन्ही बेडकांत राहणाऱ्या प्ल्युरोजेनॉइडिस मलमपुझेन्सिस या नव्या जातीचं चक्र त्यांनी प्रयोगशाळेत जुळवलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. डिगोनिओस्टोमा ही झाकणवाली पाणगोगलगाय, मग चतुराच्या अळीचे स्नायू, मग बेडूक. अळीच्या स्नायूतला कोष बेडकाला लागण करण्याजोगा व्हायला २२ दिवस लागतात, आणि बेडकात शिरल्यावर कृमी अंडी घालू लागायला आणखी २० दिवस. म्हणजे आषाढात लावणी संपताना सुरू झालेली फेरी भात पोटरीवर येईपर्यंत सहज पुरी होते. मलमपुझाचे बेडूक आणि कर्जतचे बेडूक त्याच जातींचे, शेतीही तशीच. म्हणून हा अभ्यास आपल्याकडे कुणी नव्याने सुरू करायचा म्हटला तर मला तो पहिला नमुना वाटतो.

डिप्लोडिस्कसची युक्ती मात्र वेगळी, आणि जरा विनोदी. त्याच्या सर्केरिया चतुराच्या भानगडीत पडत नाहीत. त्या थेट बेडकाच्या कातडीवर कोष करून चिकटतात. बेडूक ठराविक काळाने कात टाकतो आणि टाकलेली कात स्वतःच खातो. त्याच घासाबरोबर कोष पोटात जातो आणि कृमी गुदाशयात मुक्काम ठोकतो. काही सर्केरिया बेडूकमासाच गिळतो, तेही चालतं. हा कृमी बेडकाच्या खाण्याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त एवढं सांगतो की बेडूक गोगलगायींच्या पाण्यात बराच वेळ बसला होता.

गोगलगायीशिवाय पर्णकृमी नाही, हा नियम माणसालाही लागू आहे. कोकणातलंच उदाहरण आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसाच्या मूत्राशयाला होणाऱ्या शिस्टोसोमा या पर्णकृमीच्या रोगाचं स्थानिक केंद्र दाखवून दिलं. फेरिसिया नावाच्या टोपीसारख्या इवल्या गोगलगायीवर त्या रोगाची शंका गेली. त्या कृमीचा बेडकांशी काही संबंध नाही, पण यंत्रणा तीच: पाणी, गोगलगाय, शेपटीची अळी, कातडी.

गोलकृमींकडे आलं की चित्र बदलतं. इथे पाण्याची गरज नाही, फक्त ओल हवी. भेकाच्या फुप्फुसातला रॅब्डिआस घ्या. फुप्फुसात राहणारा प्रत्येक जीव उभयलिंगी, म्हणजे नर-मादीचं काम एकटाच करणारा. अंडी घशात येतात, गिळली जातात, विष्ठेतून अळ्या ओल्या मातीत पडतात. मातीत त्यांची एक आख्खी स्वतंत्र पिढी होते आणि त्या पिढीत मात्र नर वेगळे, माद्या वेगळ्या. मादीच्या पोटात अंडी फुटतात आणि पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर येतात. तिच्या रिकाम्या कातडीत थोडा काळ राहून मग ती मातीत पांगतात आणि एखादा भेक ओल्या जमिनीवर टेकला की त्याच्या कातडीतून घुसतात. यांचा ठावठिकाणा म्हणजे ओटा, गोठ्यामागची ओल, पाचोळ्याचा ढीग. कॉस्मोसर्का, ओस्वाल्डोक्रुझिया यांचीही वाट अशीच थेट, मध्यस्थाशिवाय.

यावरून एक ठोकताळा निघतो आणि तो जगभर बऱ्यापैकी टिकतो. पाणी न सोडणाऱ्या बेडकात पर्णकृमींच्या जाती जास्त. जमिनीवर राहणाऱ्या भेकात गोलकृमींचा भरणा. झाडावर राहणाऱ्यात एकंदरीतच कमी. आणि बुलफ्रॉगमध्ये सगळंच भरपूर, कारण तो मोठा आहे, अधिक वर्षं जगतो, पाण्यात आणि बांधावर दोन्हीकडे वावरतो आणि काहीही खातो. कुणी लेबल न लावलेल्या चार बाटल्या हातात दिल्या, तर आतले कृमी पाहून कोणती बाटली कोणाची, हे बरंचसं सांगता यावं.

काही गोलकृमींना मात्र मध्यस्थ लागतो. कॅमॅलानससारख्यांना सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक पिसवासारखा जीव चालतो. सायक्लॉप्स हे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला नारूमुळे माहीत आहे: पायऱ्यांच्या विहिरी, पाणी गाळून प्यायच्या सूचना, पायातून निघणारा हातभर दोरा. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पण आफ्रिकेतल्या चाड देशात हा रोग संपत आला असताना तो कुत्र्यांत दिसू लागला. तेव्हा तपास करणाऱ्यांनी पाण्यातले प्राणी तपासले आणि नारूच्या अळ्या बेडकात मिळाल्या. बेडूक सायक्लॉप्स गिळतो, अळी त्याच्या ऊतींत नुसती बसून राहते, आणि बेडूक खाणाऱ्याकडे ती जाते.

बेडकाचा हा मधल्या स्टेशनचा धंदा फार मोठा आहे. स्नायूंत आणि आंत्रपटलावर दिसणाऱ्या त्या गाठी याच. सेंट्रोऱ्हिंकस हा काटेशीर्ष कृमी प्रौढ होतो तो घुबड, ससाणा अशा शिकारी पक्ष्यांत; बेडकात तो वाट पाहत थांबतो. खाचरात ढोकरी टपून बसलेली, ओहोळाला दिवड आणि विरोळे, गावात मांजरं. सगळे बेडूक खातात. स्पायरोमेट्रा या पट्टकृमीची प्रौढ अवस्था कुत्र्या-मांजरात, पहिली पायरी सायक्लॉप्समध्ये आणि मधली, रिबिनीच्या तुकड्यासारखी पांढरी अळी बेडकाच्या मांडीत. ही अळी माणसात गेली तर कातडीखाली, डोळ्यात, क्वचित मेंदूतही भटकते. चीन आणि व्हिएतनाममध्ये दुखऱ्या डोळ्यावर कच्च्या बेडकाचं मांस बांधण्याच्या प्रथेमुळे असे रुग्ण होत आलेत. बेडूक नुसता हाताळून हे होत नाही; मांस असं बांधून, कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊन, न गाळलेलं पाणी पिऊन होतं. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, गोव्यात 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून होणारी बुलफ्रॉगची विक्रीही बेकायदा आहे. ती कारणं मुख्यतः बेडूक वाचवण्याची, पण मांडीतल्या या रिबिनीचा विचार केला तर खाणाऱ्याच्याही हिताची.

एकयजमानी कृमींची गोष्ट इथल्या पावसाशी सर्वांत जवळून जुळते. मूत्राशयात राहणाऱ्या या कृमीची अळी पाण्यात पोहत थेट दुसऱ्या बेडकाकडे किंवा बेडूकमाशाकडे जाते. मध्ये कुणी नाही. पण झाडबेडूक वर्षातला फार थोडा काळ पाण्याजवळ येतो. मग अंडी केव्हा सोडायची? युरोपातल्या साध्या बेडकात राहणारा पॉलिस्टोमा इंटेजेरिमम बेडकाच्याच संप्रेरकांचा इशारा घेतो: बेडूक अंडी घालायला पाण्यात उतरला की हाही आपली अंडी सोडतो. त्याच्या अळ्या बेडूकमाशांच्या कल्ल्यांवर बसतात आणि बेडूकमाशाचा बेडूक होताना, कल्ले नाहीसे होता होता, तिथून मूत्राशयात जाऊन राहतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातला एक भेक तर वर्षभर जमिनीखाली राहून मोजक्या पावसाळी रात्री पाण्यात येतो, आणि त्याच्या मूत्राशयातला कृमी जवळजवळ तयार अळ्या पोटात साठवून त्या रात्रींची वाट बघत असतो. रिचर्ड टिन्स्ली यांनी त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आशियातल्या झाडबेडकांच्या कुळात राहणाऱ्या अशा काही कृमींसाठी २०१९ मध्ये 'इंडोपॉलिस्टोमा' ही स्वतंत्र प्रजाती करण्यात आली. मृगाच्या सरीनंतर न्हाणीघराची भिंत सोडून तळ्याकडे निघालेला आपला पॉलिपेडेटस एकटाच निघालेला असतो असं नाही.

विविधता मोजायची कशी, हे आता थोडक्यात. नुसती जातींची यादी पुरत नाही. समजा एका गावात शंभर बेडूक तपासले आणि चाळीसांत हिमॅटोलीकस मिळाला. तर त्याचा आढळ चाळीस टक्के. त्या चाळीसांत मिळून दोनशे कृमी निघाले, तर लागण झालेल्या बेडकामागे सरासरी पाच. पण ही सरासरी फसवी असते. प्रत्यक्षात बहुतेक बेडकांत एक-दोन निघतात आणि एखाद-दुसऱ्यात पन्नास. परजीवींच्या जगात हा जवळपास नियमच आहे: थोड्या यजमानांत बहुतेक कृमी. म्हणून पाच-दहा बेडूक पाहून 'इथे कृमी नाहीत' म्हणणं धाडसाचं. शिवाय तीन पातळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात: एका बेडकात किती जाती, एका गावच्या एका जातीच्या सगळ्या बेडकांत मिळून किती, आणि त्या परिसरातल्या सगळ्या उभयचरांत मिळून किती. लेखांच्या शीर्षकात 'विविधता' हा शब्द असतो तेव्हा यातली कोणती, हे आधी पाहावं.

या दोन तालुक्यांत ही मोजणी विशेष रंजक व्हायला एक कारण आहे. घाटावरच्या धरणांचं पाणी टाटांची वीजकेंद्रं खाली सोडतात. खोपोलीचं केंद्र १९१५ पासून पाताळगंगेत, भिवपुरीचं १९२२ पासून पेज नदीत. त्या पाण्यावर राजनाला हा कालवा वाहतो आणि कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भातही होतो. म्हणजे एकाच तालुक्यात, काही किलोमीटरच्या अंतरात, दोन जगं: एकीकडे दिवाळीनंतर कोरडं पडणारं खाचर, जिथे गोगलगाय चिखलात झाकण लावून झोपते आणि बेडूक मातीत उतरतो, दुसरीकडे एप्रिलमध्येही पाणी, गोगलगाय जागी, युफ्लिक्टिस जागा. पर्णकृमीची साखळी पहिल्या जागी दरवर्षी शून्यातून सुरू व्हावी आणि दुसऱ्या जागी थांबूच नये, असं तर्क सांगतो. कालव्याकाठचा आणि माळावरचा बेडूक शेजारी ठेवून पाहण्याची इतकी चांगली सोय सहसा मिळत नाही.

खतांचा प्रश्नही यातच येतो. जास्त खत म्हणजे पाण्यात जास्त शेवाळ, जास्त शेवाळ म्हणजे जास्त गोगलगायी, आणि पुढचं ओघाने आलंच. अमेरिकेत जेसन रोर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की मक्याच्या शेतातलं ॲट्राझिन हे तणनाशक आणि फॉस्फेट मिळून बिबट्या बेडकांतली पर्णकृमींची लागण वाढवतात. तिथेच १९९५ मध्ये मिनेसोटातल्या शाळकरी मुलांना जादा पायांचे, वाकड्या पायांचे बेडूक सापडले होते. अशा अनेक विकृतींमागे रिबेरोया नावाचा पर्णकृमी असल्याचं पीटर जॉन्सन यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. बेडूकमाशाच्या फुटू पाहणाऱ्या पायांत तो कोष करतो. ही जात अमेरिका खंडातली, आपल्याकडची नव्हे. पण जॉन्सन यांचाच २०१३ चा निष्कर्ष इथेही लक्षात ठेवण्याजोगा आहे: ज्या तळ्यात उभयचरांच्या जाती अधिक, तिथे या कृमीची लागण कमी, कारण काही सर्केरिया भलत्याच, निरुपयोगी यजमानावर खर्ची पडतात.

म्हणजे कृमी वाढणं आणि कृमींची विविधता वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी. एकाच जातीचे शेकडो कृमी निघाले तर काहीतरी बिघडलंय. सात-आठ जातींचे थोडे थोडे निघाले तर साखळ्या शाबूत आहेत. हडसन, डॉब्सन आणि लॅफर्टी यांनी २००६ मध्ये हाच प्रश्न विचारला होता: परजीवींनी समृद्ध असलेली परिसंस्थाच निरोगी म्हणायची का? त्यांचं उत्तर होकाराकडे झुकतं, आणि मला ते पटतं. कर्जत-खालापूरची खाचरं भराव घालून फार्महाउसांखाली जात आहेत. बंगल्याच्या हिरवळीवर भेक राहील, त्याच्या फुप्फुसात रॅब्डिआसही राहील, त्याला ओली माती पुरते. पोहण्याच्या तलावाच्या कडेला युफ्लिक्टिसही दिसेल. पण ज्याला गोगलगाय, चतुर आणि बेडूक तिघंही एकाच डबक्यात लागतात, तो हिमॅटोलीकस बेडकाच्या कितीतरी आधी जाईल. बेडकांची शिरगणती करणाऱ्याला सगळं ठीक वाटत असेल.

मग बेडूक न मारता हे पाहायचं कसं? एक मार्ग दुर्दैवाने तयारच आहे. जूनमध्ये कर्जत-मुरबाड रस्त्यावर पावसाळी रात्री गाड्यांखाली बेडूक चिरडतात. वनखात्याची परवानगी घेऊन असे मेलेले बेडूक गोळा करता येतात, फक्त काही तासांत तपासायला हवेत. यजमान मेला की कृमीही विरघळू लागतात. अवयव वेगवेगळ्या बशांत, मिठाच्या सौम्य द्रावणात उघडायचे. चपटे कृमी काचपट्ट्यांमध्ये हलके दाबून टिकवायचे आणि कार्माइनने रंगवायचे, म्हणजे आतले अवयव दिसतात. गोलकृमी गरम अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होतात. नाहीतर वेटोळं घालून मरतात आणि मोजमाप जमत नाही. जिवंत बेडकाची विष्ठा तपासली तर अंडी आणि अळ्या मिळतात, पण त्यावरून जात ओळखणं अवघड.

दुसरा मार्ग गोगलगायीचा, आणि तो शाळेतही करता येतो. खाचरातल्या पाणगोगलगायी जाळीने काढायच्या, एकेक स्वच्छ पाण्याच्या पारदर्शक पेल्यात ठेवायची आणि पेले उजेडात ठेवायचे. लागण झालेली गोगलगाय असेल तर काही तासांत पाण्यात बारीक ठिपके झटके देत पोहताना दिसतात; भिंगाखाली शेपूटही दिसते. त्या पाण्यात बोट घालायचं नाही, कारण गुरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्याही अशाच दिसतात आणि कातडीत शिरून खाज आणतात. लावणीच्या दिवसांत पायांना सुटणाऱ्या खाजेचं तेही एक कारण असू शकतं. पूर्वी अशी सर्केरिया कोणत्या प्रौढ कृमीची, हे ठरवायला चतुराच्या अळ्या आणि बेडूक पाळून आख्खं चक्र प्रयोगशाळेत फिरवावं लागायचं. आता सर्केरियाचा डीएनए, चतुरातल्या कोषाचा डीएनए आणि रस्त्यावर मेलेल्या बेडकातल्या प्रौढ कृमीचा डीएनए जुळवून पाहिला की तिन्ही एकाच जातीचे का, हे थोड्या दिवसांत कळतं. त्यासाठी नमुना फॉर्मालिनमध्ये ठेवून चालत नाही, निव्वळ अल्कोहोलच लागतो. आणि बाटलीवर गावाचं नाव, तारीख, यजमान आणि अवयव या चारही गोष्टी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी लागते, कारण अल्कोहोलमध्ये शाई पुसली जाते.